अस्वलांच्या गावात मुक्काम

आज अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, फिशिंग ब्रिजच्या तळावर आमची मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, लावली. इथे तंबू चालत नाही, कापडी बाजूंचा ट्रेलरही नाही. ग्रिझली अस्वलांचा भाग, त्यामुळे पक्क्या भिंतींचीच गाडी हवी. अख्ख्या पार्कात पाणी, वीज आणि सांडपाणी, तिन्ही जोडण्या मिळतात त्या फक्त इथेच. सांडपाण्याचा पाइप जोडायचं काम अर्थात माझ्याकडे! हातमोजे घालून, श्वास रोखून. मोटारहोमच्या चकचकीत फोटोंत हे कोणी दाखवत नाही.

आईने आत कुकर लावला. जवळपास ७,७०० फूट उंची, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. फोडणीचा वास सुटला तसे बाबा खिडकी लावून घेत म्हणाले, "अगं, हिंगाच्या वासाला अस्वल येतं का?" आई म्हणाली, "आलं तर वाढीन त्यालाही."
बाहेरच्या टेबलावर खरकटं भांडंसुद्धा सोडायचं नाही, इतका नियम कडक.

संध्याकाळी फिशिंग ब्रिज नावाच्या पुलावर गेलो. १९७३पासून तिथून गळ टाकायला बंदी आहे, कटथ्रोट ट्राउट जातीचे मासे वाचावेत म्हणून. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ पाण्यात मासे शोधत होते.

उद्या पहाटे हेडन व्हॅलीत बायसन बघायला. बाबांनी आत्ताच स्वेटर-कानटोपी काढून ठेवलीय, भर जुलैत!