९५ अंश आणि तरीही निवांत

स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवणारा आकडा एकदा लावून घेतला, की कामातलं लक्ष उडालंच म्हणून समजा. घरात कोणाला ताप आला की आपण उगाचच पुन्हा पुन्हा थर्मामीटर लावून बघतो, तसलाच हा प्रकार. आकडा असतो ४२. ब्राउझर उघडायला जावं तर एकदम ६३. आपण दचकतो, आणि दचकून होईपर्यंत तो पुन्हा ४४ वर येऊन बसलेला असतो.

खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. पान उघडताना प्रोसेसरमधला एखादा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग, क्षणभर आपल्या सर्वोच्च वेगावर जातो, त्यासाठी व्होल्टेजही वाढवून घेतो. तापमान मोजणारे सेन्सर सिलिकॉनच्या आतच, काम चाललेल्या भागाला अगदी खेटून बसवलेले असतात. नखाएवढ्या चिपचा एवढासा कोपरा तापायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. वरचं धातूचं झाकण आणि त्यावर बसवलेला, उष्णता ओढून घेणारा कूलर मात्र सावकाश तापतात, म्हणून आकडा माकडउड्या मारतो. अर्धा तास सलग व्हिडिओ एन्कोड करायला लावावं आणि मग आकडा कुठे स्थिरावतो ते बघावं. बाकीच्या वेळचे चढउतार सोडून द्यावेत.

प्रोसेसर काही ढकलत नाही, उचलत नाही. १०० वॉट वीज आत गेली की १०० वॉट उष्णता बाहेर. आपण त्यावर अणुभट्टीची गणितं सोडवा नाहीतर पत्ते खेळा, शेवटी सगळा हिशेब उष्णतेतच चुकता होतो. कूलर ही उष्णता संपवत नाही, फक्त इथून उचलून तिथे नेऊन टाकतो. ‘तिथे’ म्हणजे आपल्याच खोलीत. भारी कूलर बसवल्यावर खोलीही गार राहील अशी आशा बाळगणाऱ्यांची मला गंमत वाटते. २०० वॉट ते २०० वॉटच, मग ते साध्या पंख्यातून येवोत की पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या चमचमणाऱ्या रेडिएटरमधून.

एके काळी हा विषयच नव्हता. इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरच्या जमान्यात चिप मदरबोर्डवर उघडीच असायची. पुढच्या ४८६च्या वेगवान आवृत्त्यांना हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा पत्र्यापत्र्यांचा ठोकळा, लागू लागलं आणि पेंटियमपासून डोक्यावर पंखा असणं नेहमीचं झालं. ट्रान्झिस्टर लहान होत गेले की त्यांचं व्होल्टेजही कमी करता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही, हे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. पुढची तीसेक वर्षं ते साधारण खरं ठरलं. मग व्होल्टेज खाली यायचं थांबलं, ट्रान्झिस्टर मात्र लहान होतच राहिले. आज आपण पंख्यांवर जो खर्च करतो, त्याचं मूळ तिथे आहे.

२००१ साली एक व्हिडिओ फार गाजला होता. चालू कॉम्प्युटरवरून हीटसिंक काढून घेतलं, तर त्यातल्या एएमडी कंपनीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरचा पाहता पाहता धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला आणि चालत राहिला. आता सगळेच प्रोसेसर हे शहाणपण शिकलेत. मर्यादा आली की ते स्वतःच वेग कमी करतात, अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होतं. ‘माझा प्रोसेसर जळेल का’ ही भीती आता जवळजवळ निकालात निघाली आहे.

तिच्या जागी नवा गोंधळ आला. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण भार पडला की सरळ ९५ अंशांवर जाऊन बसतात, आणि ते तसेच बनवले आहेत असं एएमडीनेच सांगितलं होतं. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. म्हणजे जागा शिल्लक असेल तर ती वेगासाठी वापरून टाकायची, असं हे धोरण. अशा प्रोसेसरवर आणखी मोठा कूलर चढवला तरी आकडा खाली येईलच असं नाही. प्रोसेसर त्याच ९५ वर बसून थोडा जास्त जोरात पळतो. म्हणून तापमानाशेजारी गिगाहर्ट्झचा, म्हणजे वेगाचा, आकडाही लावून घ्यावा. वेग टिकून असेल तर ९० अंशांनी घाबरायचं कारण नाही. वेग खाली खाली जात असेल तर मात्र कूलिंग खरंच अपुरं आहे.

या सगळ्या भानगडीत मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे हीटपाइप. कूलरच्या तळातून निघून वरच्या पत्र्यांमधून आरपार जाणाऱ्या त्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत हवा काढून टाकून अगदी थोडं पाणी ठेवलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे ते १०० अंशांची वाट न बघता केव्हाच उकळतं. वाफ गार टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते. नळी उभी कापून पाहिली तर आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा खरखरीत थर दिसतो. पाणी त्यातूनच झिरपत परत येतं. पंप नाही, वीज नाही. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये यावर काम केलं, ते काही आपल्या गेमिंगसाठी नव्हे.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्टही अशीच साधी, पण कामाची. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ, दोन्ही आरशासारखे गुळगुळीत दिसतात. पण दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता ४००च्या घरात, हवेची ०.०२६. बऱ्यापैकी पेस्ट यांच्या मध्ये कुठेतरी, ५ ते १० च्या आसपास. म्हणजे पेस्ट धातूपुढे काहीच नाही, पण हवेच्या शेकडो पट बरी. तिचं काम फक्त हवेला हुसकावणं. मधोमध एक छोटा ठिपका, मग चारही स्क्रू आलटूनपालटून, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली की दुसरीकडे फट राहते. आणि हो, कूलरच्या तळावरची ती पारदर्शक फिल्म आधी सोलायची. ती तशीच ठेवून कूलर बसवणारे लोक जगभर सापडतात.

कूलर निवडताना खोक्यावरच्या वॉटवर विसंबू नये. कोअर आय९-१३९००के च्या माहितीपत्रकात १२५ वॉट हा पायाभूत आकडा, आणि त्याच कागदावर जरा खाली कमाल २५३. ६५ वॉटवाल्या साध्या प्रोसेसरला सोबत आलेला कूलर रोजच्या कामाला पुरतो. मधल्यांना मनोऱ्यासारखा उभा, बरा टॉवर कूलर. तासन्‌तास २०० वॉटच्या वर राहणार असाल तरच मोठ्या रेडिएटरचं लिक्विड कूलिंग, म्हणजे पंपाने पाणी फिरवून उष्णता रेडिएटरपर्यंत नेणारी व्यवस्था. पाणी असलं तरी शेवटी उष्णता हवेलाच द्यायची असते. पाण्याचा फायदा एवढाच, की रेडिएटर मोठा घेता येतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. शिवाय बिघडू शकेल असा एक पंप वाढतो. माझं मत हवेच्या बाजूने आहे. पंखा बंद पडला तर लगेच दिसतो आणि बदलताही येतो.

कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली २५ वरून ३८ झाली की प्रोसेसरही तेवढाच वर सरकतो. आणि पुष्कळदा दोष कूलरचा नसतोच. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच काम पुन्हा चालवून बघावं. आकडा झपकन उतरला, तर पुढच्या देखण्या काचेमागे पंखे गुदमरताहेत असं समजावं.

आवाजाचं म्हणाल तर एकसारखी घुंई सहन होते, सारखी वर-खाली होणारी नाही. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. म्हणून मोठे पंखे हळू फिरवावेत, आणि आकड्याच्या प्रत्येक उडीमागे पंख्याने धावू नये म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, काही सेकंदांचा विलंब टाकावा.

बायोसमध्ये शिरलोच आहोत, तर वॉटची मर्यादाही खाली आणून बघावी. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी प्रोसेसर व्होल्टेज बरंच चढवतो, आणि त्यापायी भरमसाट वॉट खातो. ते काढून घेतले तर रोजच्या कामात फरक जाणवतही नाही, तापमान मात्र चांगलं खाली येतं. यासारखा फुकटचा कूलर दुसरा नाही.

एवढं करूनही कोणाला तो दोन मनोऱ्यांचा, किलोहून जड कूलर घ्यावासाच वाटला, तर खुशाल घ्यावा. दिसतो देखणाच. असले कूलर उंचीला १६० मिलिमीटरच्या पुढे जातात, कॅबिनेटच्या रुंदीत आत तेवढी जागा आहे का ते आधी मोजून घ्यावं, म्हणजे झाकण लागेल.