एकटी पेशी स्नायू का होत नाही?

स्नायूंच्या घडणीविषयी वाचताना मायोडी या जनुकाचे माहात्म्य इतक्या वेळा समोर येते, की ते चालू झाले म्हणजे पेशी स्नायूची झालीच, असा आपला समज होतो. १९८७ मध्ये या जनुकाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींनाही (एरवी जोडऊती बनवणाऱ्या) स्नायूंच्या मार्गाला लावले होते, त्यामुळे हा समज निराधार नाही; पण तो अपुरा आहे.

याबाबत ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांचे १९८८ मधील काम मला फार मोलाचे वाटते. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या कोवळ्या भ्रूणातील वरच्या पेशी एरवी त्वचेकडे वळतात, मात्र खालच्या, बलकाने भरलेल्या पेशींचा शेजार मिळाला की त्यांतल्या काही स्नायूंच्या होतात. गर्डन यांनी वरची एकेक सुटी पेशी खालच्या ऊतीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पाहिली. संदेश देणाऱ्या पेशींनी वेढलेली असूनही ती स्नायूची झाली नाही. तेथेच वरच्या पेशींचा पुंजका ठेवल्यावर मात्र स्नायूंच्या ॲक्टिन या प्रथिनाचे जनुक चालू झाले. थोडक्यात, संदेश पुरेसा नव्हता, तो ऐकणाऱ्या सोबतिणीही लागत होत्या. गर्डन यांनी याला समुदाय-परिणाम म्हटले.

पुढे स्नायूंच्या वाटेवर आधीच निघालेल्या पेशींवरही हाच प्रयोग झाला. कॅल्शियम नसलेल्या द्रावात भ्रूणाच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि कॅल्शियम मिळताच पुन्हा चिकटतात, त्यामुळे हव्या तेवढ्या पेशींचे पुंजके करता येतात. सुमारे १०० पेशी एकत्र असल्या, तरच त्या स्नायू म्हणून पक्क्या झाल्या. या पेशी ईएफजीएफ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. एकटीने सोडलेले आसपास विरून जाते, समूहात मात्र ते साठते आणि मायोडी चालू ठेवते. गाव करील ते राव काय करील, हे येथे अक्षरशः खरे ठरते. चुकून भलतीकडे गेलेली एखादी पेशी तेथे स्नायू बनवत बसत नाही, हा याचा एक फायदा असावा, असे मला वाटते.

शेजार नेहमी पुढेच ढकलतो असे मात्र नाही. प्रौढ स्नायूतंतूंना चिकटून राहणाऱ्या राखीव पेशींना, म्हणजे सॅटेलाइट पेशींना, शेजारून नॉच या ग्राहीमार्फत (पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनामार्फत) थांबण्याचा संदेश मिळत असतो. उंदरांमध्ये हा संदेश तोडल्यावर त्या पेशी दुखापत नसतानाही स्नायूंच्या होऊ लागल्या, आणि दुरुस्तीसाठी राखलेला साठा आटत गेला.