तुम्ही विचारलंत म्हणून : कॉमेडियन मनानेच बोलतो, मग तुम्ही काय लिहिता?

नाटक संपून उजाडू लागते, ताडपत्र्या झटकून लोक धानाच्या रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, घराकडे निघतात, आणि त्या गर्दीत कुणीतरी थांबून मला विचारतेच, की कॉमेडियन तर मनानेच बोलतो, मग त्याचे तुम्ही लिहिता तरी काय? विचारणारे बहुतेक कुणाकडे तरी पाहुणे आलेले असतात आणि मनापासून विचारत असतात. रात्रभर जागलेल्या माणसाला बांधावर उभे करून लांबलचक उत्तर देणे बरे दिसत नाही, म्हणून मी "लिहावे लागते थोडेफार" एवढे म्हणून पुढे होते. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी बसून लिहिते आहे.

आमची झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा मुलूख. भाऊबीज झाली, की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, आणि दिवसा मंडई किंवा पट झाला, की रात्री नाटक असते. नाटक कंपन्यांचा कारभार गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून चालतो. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवून येते आणि होळीच्या सुमारापर्यंत हा हंगाम चालतो. मुख्य कथा बहुधा रडवणारी असते, हुंड्याची, दारूची, भावाभावांतल्या वाटणीची, आणि तिच्या आत विनोदी पात्रांचे एक वेगळे कथानक गुंफलेले असते. ते विनोदी कथानक मी लिहिते. स्वतः मी रंगमंचावर एकदाही उभी राहिलेली नाही. माझे वडील प्रॉम्प्टर होते, म्हणजे नटांना वहीतून वाक्ये पुरवत, आणि शाळेत असताना त्यांच्यासाठी नाटकांच्या वह्या उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे असे. त्या वह्यांतूनच मी या कामात आले.

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, हे आधी मान्य करते. आमच्या भागातली दंडार आणि खडी गंमत या दोन्ही लोककलांत विनोद तोंडी चालत आला. कुणी कागदावर मांडला आणि मग कुणी म्हटला, असे तिथे होत नव्हते. ढोलकीच्या साथीने उभा राहिलेला माणूस समोर कोण बसले आहे ते बघून बोलत असे. ते रक्त झाडीपट्टीच्या कॉमेडियनमध्ये अजून आहे आणि ते असावेच. पण नाटकाला एक गोष्ट असते, तिच्यात अमुक वेळी अमुक पात्र रंगमंचावर हवे असते. शिवाय महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, त्यामुळे विनोदाचा भागही कागदावर असावाच लागतो. ही झाली बाहेरची कारणे. खरे कारण वेगळे आहे आणि ते प्रॉम्प्टरच्या जागेवरून मला दिसले.

झाडीपट्टीचे नट, कुरखेडा तालुक्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि सुमारे ५,००० प्रयोग केल्याचे सर्वत्र छापून आले. बाहेरच्या लोकांना हा आकडा अद्भुत वाटला. आम्हाला त्यामागची रीत ठाऊक आहे. हंगामात नट आज एका गावात एक नाटक करतो आणि उद्या दुसऱ्या गावात दुसरे. इतके पाठांतर कुणाच्याने होणार? म्हणून रंगमंचासमोर, वाद्ये वाजवणाऱ्यांच्या शेजारी, खालच्या जागेत वही घेऊन प्रॉम्प्टर बसतो आणि रात्रभर प्रत्येक पात्राचे वाक्य अर्धे अर्धे करून पुरवतो. म्हणजे मी लिहिलेले वाक्य आधी त्याच्या तोंडात जाते, तिथून नटाच्या कानात आणि मग नटाच्या तोंडून माईकवर येते. रडण्याच्या प्रसंगाला ही वाट चालते. विनोदाला ती फार लांब पडते, कारण पुढच्या रांगेत बसलेल्या पोरांना प्रॉम्प्टरचा आवाज नटाइतकाच स्पष्ट ऐकू येतो.

लहानपणी वडिलांच्या मागे पोत्यावर बसून मी हे कितीदा तरी पाहिले आहे. पहिल्या दोन रांगा आधी हसायच्या, नट नंतर बोलायचा, आणि मागचे लोक कशाला हसले म्हणून एकमेकांना विचारेपर्यंत प्रसंग पुढे गेलेला असायचा. वडिलांनी त्यावर उपाय काढला होता. हशाचा शब्द आला, की ते तो उच्चारतच नसत. वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक टिचकी मारत, आणि तो शब्द नटाने आपणहून म्हणायचा असे. चांगल्या नटाला तो सुचे. पण काही वह्यांतली वाक्ये अशी असत, की शेवटचा शब्द कुणालाच सुचू नये, कारण तो लेखकाच्या डोक्यातून आलेला असे आणि बोलणाऱ्या पात्राच्या घरात तो कधी गेलेलाच नसे. तेव्हापासून मी विनोदाचे वाक्य लिहिताना शेवटचा शब्द झाकून ठेवते आणि घरातल्या कुणाला तरी पुढे काय ते विचारते. त्यांना तो सापडला नाही, तर वाक्य बदलते.

एक प्रसंग जरा तपशिलाने सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. मंडईच्या निमित्ताने आमच्याकडे सोयरिकीच्या गोष्टी निघतात, म्हणून मी मुलगी बघण्याचा प्रसंग लिहिला होता. मुलाचा मामा, म्हणजे आमचा कॉमेडियन, मुलीच्या बापासमोर बसून भाच्याची थोरवी गातो. घर पक्के आहे, गोठ्यात चार बैल आहेत, तीन एकर शेती आहे, असे तो वाढवून वाढवून सांगतो, आणि मुलीचा बाप शांतपणे एवढेच विचारतो, "पान्याची सोय?" यावर मामाचे उत्तर मी असे लिहिले होते : "हिरीत नाई, बोडीत नाई, कालवा त येऊन रायला येऊन रायला म्हनतेत, हाये ते सारं आमच्या डोऱ्यात हाये." (हीर म्हणजे विहीर, बोडी म्हणजे शेततळे, डोरा म्हणजे डोळा.)

पहिल्या प्रयोगाला त्या नटाने यातला एकही शब्द म्हटला नाही. तो अंगाने किडकिडीत आणि बोलायला संथ होता. प्रश्न ऐकून त्याने मुलीच्या बापाकडे पाहिले, मग भाच्याकडे पाहिले, सदऱ्याच्या खिशातून दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढला, तिचे दोन्ही टोक धरून ती हळूहळू पिळली आणि म्हणाला, "हाये." समोर बसलेली सारी बांधी हसली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने हसता हसता डोळे पुसले, आणि ते हसण्याने भरले होते की आणखी कशाने, ते मला सांगता आले नाही.

आता त्या हशात माझे काय होते? वाक्य तर माझे नव्हते. पण तो प्रश्न माझा होता. तो चौथ्या जागी यावा, आधीच्या तीन उत्तरांत मामा फुशारलेला असावा, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसावा, हे मी ठरवले होते, आणि ते ठरवायला मला वाक्य लिहिण्यापेक्षा अधिक दिवस लागले होते. गोठ्यातले चार बैल आधी आले नसते, तर दस्ती पिळणे ही नुसती नक्कल झाली असती. दुसऱ्यासाठी विनोद लिहायचा म्हणजे बहुतांशी हेच लिहायचे असते : त्याला हसवण्यावाचून गत्यंतर उरणार नाही अशी जागा.

पुढच्या हंगामात तो नट दुसऱ्या कंपनीत गेला. नव्या कॉमेडियनला मी मोठ्या उत्साहाने दस्तीची युक्ती लिहून दिली, आणि ती पडली. हा माणूस धिप्पाड, भरभर बोलणारा आणि मोठ्या आवाजाचा होता. त्याने दस्ती पिळली, तेव्हा तो मुलीच्या बापाची टर उडवतो आहे असे वाटले. तिसऱ्या प्रयोगानंतर मी त्याला माझे जुने लांब वाक्य परत दिले. विहीर, बोडी, कालवा असे एकेक नाकारत तो धावत सुटला आणि शेवटच्या शब्दापाशी एकदम थांबला, की त्या थांबण्याला हशा येऊ लागला. प्रसंग तोच, प्रश्न तोच, आणि तोंड बदलल्याबरोबर उत्तर बदलावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक कॉमेडियनची वेगळी वही ठेवते. तो कुठे श्वास घेतो, रागावला की हळू बोलतो की मोठ्याने, नाव घेताना अडखळतो का, हात मोकळे असले की त्यांचे काय करतो, हे त्या वहीत असते. नाटक लिहायला बसताना ती वही मी आधी उघडते.

वाक्य कुणाच्या तोंडी आहे यासोबत ते कुठल्या गावात म्हटले जाणार आहे, हेही मला बघावे लागते. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले. पवनी, ब्रह्मपुरीच्या बाजूला कालवा म्हटला की या धरणाच्या पाण्याची सगळी वाट पाहणे लोकांच्या मनात आपोआप येते. तोच शब्द कोरचीकडे नुसता शब्द राहतो, तिथे बोडीवरच थांबावे लागते. आणि ज्या वर्षी धानावर तुडतुडा ही कीड पडली, त्या वर्षी एका गावात ते वाक्य आले आणि कुणीच हसले नाही. ती शांतता नटाने सावरली, पण मी ते वाक्य त्या हंगामापुरते काढून टाकले. ते मामाच्या तोंडी असते म्हणूनच एरवी चालते, कारण ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे तोच ते सांगतो. मुलीच्या सधन बापाच्या तोंडी तेच घातले असते, तर मी कोणत्याच वर्षी ते ठेवले नसते.

आता द्वयर्थी बोलण्याविषयी, कारण ते सोडून मला हा विषय लिहिता येणार नाही. एका नाटकात मध्यंतरानंतर, रात्री दोनच्या सुमारास, नायिका रडत असताना कॉमेडियन बाजूला उभा होता आणि त्याने मध्येच एक घाणेरडा शब्द टाकला. काही पुरुष हसले. माझ्या आसपासच्या बायांनी पदर पुढे ओढून माना खाली घातल्या. प्रयोग संपल्यावर मी त्याच्यावर फार चिडले. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, तुमी मले तिथं उभा करून देल्लं, हाताले काईच काम नाई देल्लं." त्याने जे केले ते मला आजही पटत नाही, परंतु त्याचे म्हणणे खरे होते. चार मिनिटे मी त्याला रंगमंचावर ठेवले होते आणि त्या चार मिनिटांत त्याच्यासाठी पानावर काहीही नव्हते. हजारो माणसांसमोर रिकामा उभा असलेला विनोदी नट गप्प राहू शकत नाही. त्याला जवळचे जे सापडेल ते तो उचलतो, आणि रात्री दोन वाजता सर्वांत जवळ तेच असते. आता मी अशा जागी त्याला काम देते. कधी त्याच्या हाती सुतळीचा गुंता सोडवायला असतो, कधी तोंड न बांधलेले पोते, जे सोडले तर धान सांडणार आहे. नायिकेचे रडे चालू असताना तो ते पोते सांभाळत उभा राहतो. लोक हळूच हसतात आणि रडे मोडत नाही. हे मला पानावर लिहावे लागते, कारण आमच्याकडे तालमी फार होत नाहीत. जे वहीत नाही ते पोचत नाही.

भाषेचा पेच रोजचाच आहे. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. 'डोळा'चा 'डोरा' होतो आणि 'पाणी'चे 'पानी'. मी सारे बोलीत लिहिले, तर नवा प्रॉम्प्टर वाचताना अडखळतो आणि नटाचा ठेका जातो. सारे प्रमाण मराठीत लिहिले, तर थकलेला नट पहाटे तेच पुस्तकी वाक्य तसेच म्हणून टाकतो आणि मामा तहसील कचेरीतल्या माणसासारखा बोलू लागतो. मी सध्या नुसती क्रियापदे आणि शेवटचे शब्द बोलीत लिहिते, बाकीचे नट आपल्या गावाप्रमाणे वळवून घेतो.

हशानंतरच्या वाक्याची गोष्टही कुणी विचारत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. मोठ्या बांधीत मागच्या लोकांचा हशा उशिरा येतो आणि लवकर विरत नाही. त्यात पुढचे वाक्य बुडते, आणि कथेतली एखादी आवश्यक गोष्ट नेमकी त्याच वाक्यात असली, की लोकांना पुढचा प्रवेश कळत नाही. म्हणून हशाच्या जागेनंतरचे वाक्य मी "अवो, पन मी काय म्हनतो" अशा शब्दांनी सुरू करते. ते ऐकू आले नाहीत तरी काही बिघडत नाही, आणि तेवढ्यात नटाला श्वास घ्यायला मिळतो.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) आमच्याच विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच घेत. मी ती रीत जमेल तिथे वापरते : मामा विचारतो आणि बांधीतून कुणीतरी ओरडून उत्तर देते. त्या उत्तरासाठी पानावर जागा सोडणे मला सर्वांत कठीण जाते, कारण रिकामी जागा दिसली, की लिहिणाऱ्याचा हात तिथे काहीतरी घालायला जातो.

येत्या हंगामासाठी कंपनीने नवा कॉमेडियन ठरवला आहे, गोंदियाकडचा. त्याला मी फक्त कुणीतरी फोनवर पाठवलेल्या दोन ध्वनिमुद्रणांत ऐकले आहे, आणि तीही दुसऱ्याच्या नाटकांची. सोयरिकीचा तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा आहे. मामाची पहिली तीन उत्तरे लिहून झाली आहेत, मुलीच्या बापाचा प्रश्नही लिहिला आहे, आणि त्याच्याखाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. दिवाळीआधी तो वडशाला येणार आहे. त्याच्यासोबत बसून चहा घेईन, त्याच्या शेतीची चौकशी करीन, आणि तो कसा सांगतो ते ऐकून त्या ओळी भरीन.