दस्तऐवजातला 'टँक'

न्यायालयीन कागदपत्रांचा अनुवाद हे माझे काम आहे. जमिनीच्या एका वादात ब्रिटिश अमदानीतील इंग्रजी दस्तऐवजाचे आधीच झालेले भाषांतर तपासणीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा त्यात 'टँक' या शब्दासाठी 'पाण्याची टाकी' असे लिहिलेले होते. गावात अशी टाकी कोणाच्याच आठवणीत नव्हती आणि तेवढ्यावरून प्रतिपक्ष मूळ दस्तऐवजच खोटा ठरवू पाहत होता.

मूळ प्रत वाचली, तर त्याच परिच्छेदात 'टँक'च्या मातीच्या बांधाचा आणि त्याखाली भिजणाऱ्या भातखाचरांचा स्पष्ट उल्लेख होता. हे वर्णन तलावाचेच होते, कारण हिंदुस्थानातील इंग्रजीत 'टँक' म्हणजे प्रामुख्याने तलाव किंवा तळे. मुंबईतील सी. पी. टँक आणि १९४२ च्या 'छोडो भारत' ठरावामुळे सर्वांना ठाऊक असलेला गोवालिया टँक ही नावे त्याच अर्थाची आहेत.

या शब्दाचे मूळ मला फार मोलाचे वाटते. एका मतानुसार तो गुजराती 'टांकी' आणि मराठी 'टाके' यांवरून इंग्रजीत गेला. दुसऱ्या मतानुसार पोर्तुगीज 'टांके' हे त्याचे मूळ असून तो शब्द लॅटिन 'स्टॅग्नम', म्हणजे साचलेले पाणी, येथवर मागे नेता येतो. पश्चिम किनाऱ्यावर हे दोन्ही प्रवाह एकत्र आले असावेत, असे मला वाटते. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी नव्या चिलखती वाहनाचे गुपित राखण्यासाठी त्या पाण्याच्या टाक्या असल्याची बतावणी केली आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत उतरलेल्या रणगाड्याला तेच नाव कायमचे चिकटले.

हे ऐकून वकीलसाहेबांनी विचारले, "शब्द आपलाच असेल, तर भाषांतरात 'टाके'च का लिहू नये?" मी त्यांना सांगितले की शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांसारखी गडावरची टाकी खडकात कोरलेली आणि मुख्यतः पिण्याच्या पाण्यासाठी असतात, त्यांना मातीचा बांध नसतो आणि त्यांच्याखाली खाचरे भिजत नाहीत. त्यामुळे सुधारित भाषांतरात मी 'तलाव' लिहिले आणि बांधाचा उल्लेख असलेले मूळ वाक्य तळटीपेत जसेच्या तसे उतरवले.