धुळ्याहून तोरणमाळ: सायकलवरच्या सुट्टीत खरी तयारी उताराची

दिवाळी आटोपली की कार्तिकातले चार दिवस सायकली घेऊन सातपुड्यातल्या तोरणमाळला घालवायचे, हे मी, माझा धाकटा भाऊ आणि दोघे मावसभाऊ अशा आम्ही चौघांनी श्रावणातच पक्के केले. सुट्टीसाठी हिमालयाकडे पाहण्याची पद्धत आपल्याकडेही आता रुळली आहे आणि त्यात वावगे काहीच नाही. पण ज्याच्या दाराशी सातपुडा उभा आहे, त्याने डोंगरातल्या सायकलिंगचा पहिला धडा सातपुड्यातच गिरवावा, असे माझे ठाम मत आहे.

महिना ठरवताना फारशी चर्चा करावी लागली नाही. उन्हाळ्यात तापीकाठी पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा चढावर सायकल मारणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो खरा, पण शेतरस्त्यांवरची काळी माती टायरला आणि फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुपाखी भागाच्या) कमानीत अशी घट्ट बसते की चाक फिरायचे थांबते आणि काडीने ती माती खरवडत बसावे लागते. कार्तिकात वाटा वाळलेल्या असतात, झऱ्यांना पाणी असते आणि दुपारही सोसवते. मार्गशीर्षात जाणाऱ्यांनी मात्र दत्तजयंतीची तारीख पाहून घ्यावी, कारण दोंडाईचा ते शहादा या रस्त्यावरच्या सारंगखेड्याला तेव्हा घोड्यांची मोठी यात्रा भरते आणि वाहतूक खोळंबते.

तोरणमाळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटर आहे, तर पायथ्याकडचा शहाद्याचा भाग तापीच्या खोऱ्यातला, म्हणजे बराच खाली. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत रस्ता डोंगराला भिडतो आणि मग सातपायरी घाटाची वळणे सुरू होतात. शहादा ते तोरणमाळ हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या घरातले असले, तरी त्यातली जवळजवळ सगळी चढाई शेवटच्या टप्प्यात एकवटलेली आहे. हे ऐकले की प्रत्येक जण चढाची चिंता करू लागतो. आमच्याकडेही पहिल्या बैठकीत सगळी चर्चा दमाची, मांड्यांची आणि गिअरचीच झाली.

माझे म्हणणे वेगळे होते आणि अजूनही आहे. चढ माणसाला थकवतो, पण थकलेला माणूस खाली उतरून सायकल ढकलत चालू शकतो, झाडाखाली बसू शकतो, पाणी पिऊन पुन्हा निघू शकतो. उतारावर ही मुभा नसते. आपण खान्देशातले सायकलस्वार सपाटीवर वाढलेले आहोत. शिंदखेड्याकडे किंवा अमळनेरकडे कितीही किलोमीटर मारले, तरी सलग अर्धा तास ब्रेकवर बोटे ठेवण्याची वेळ येत नाही. पायांना सवय असते, पण पंजांना आणि मनगटांना ती नसते. घाट उतरताना आधी बोटे आखडतात, मग ब्रेक दाबायला उशीर होऊ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी समोर आंधळे वळण आणि त्यामागून येणारी जीप असते. म्हणून आमच्या तयारीचा मोठा भाग आम्ही उतारासाठी राखून ठेवला आहे.

पहिले काम ब्रेकचे. आमच्या चारही सायकलींना डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेल्या धातूच्या चकतीला (रोटरला) दोन्ही बाजूंनी पॅड दाबून चाक थांबवणारे. त्यांपैकी दोन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, आणि दोन केबलचे. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीदादांनी चाक काढले, पॅड बाहेर घेतले आणि उजेडात धरून मला दाखवले. पत्र्यावर मसाल्याचा थर नखाच्या जाडीएवढाच उरला होता आणि त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता. ते म्हणाले, "भाऊ, गावात हे अजून दोन महिने ओढतील, पण घाटात नेऊ नका." शिमानोच्या पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत असे कंपनीच सांगते, मी मात्र लांब घाटाआधी तिथपर्यंत वाट पाहण्याच्या विरुद्ध आहे. रोटरवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा १.५ मिलिमीटर, तो वाचून रोटर मोजून घ्यावा. रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' अशी सूचना असेल, तर जास्त टिकतात म्हणून त्यावर मेटल पॅड चढवू नयेत, कारण तो रोटर तेवढ्या कठीण पॅडसाठी बनवलेला नसतो. हायड्रॉलिक ब्रेकच्या तेलाचेही असेच आहे: काही ब्रेकना मिनरल ऑइल लागते, काहींना डॉट फ्लुइड, आणि एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीले खराब होतात. दुकानात बाटली पुढे आली की नाव वाचल्याशिवाय ती उघडू देऊ नये.

नवे पॅड बसवले की ते लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक जाम होऊ न देता, पुन्हा पुन्हा वेग कमी करत राहिले की पॅडचा थर रोटरवर सारखा बसतो आणि ब्रेक धरू लागतो. हे काम निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, तर दोन आठवडे आधी उरकायला हवे.

सरावासाठी आम्ही लळिंग निवडले. मुंबई-आग्रा महामार्गालगत, धुळ्यापासून जवळच, लळिंगच्या कुरणातून लांडोर बंगल्याकडे चढणारा रस्ता आहे. याच बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुक्काम केला होता, आणि तिथे सायकल टेकवून उभे राहताना दर वेळी त्याची आठवण होते. हा भाग वन विभागाचा असल्यामुळे विचारून, दिवसाउजेडीच जावे. चढ उतरताना आम्ही एकच नियम पाळतो: वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधी वेग उतरवून घ्यायचा. सतत ब्रेक घासत येण्याऐवजी थोडा जोरात दाबून सोडायचा, म्हणजे रोटरला मधे मधे थंड व्हायला वेळ मिळतो. पुढचा ब्रेक अधिक काम करतो, त्याला घाबरून केवळ मागच्या ब्रेकवर विसंबले की मागचे चाक घसरते. सीट दोन-तीन बोटे खाली घ्यायची, दोन्ही पेडल आडव्या रेषेत ठेवायचे, अंग थोडे मागे आणि कोपर सैल ठेवायचे. धाकट्या मावसभावाचे हात लहान आहेत, म्हणून त्याचे ब्रेक लिव्हर स्क्रूने हँडलच्या जवळ आणून दिले. एवढ्या एका बदलाने त्याची उतारावरची भीती निम्मी झाली.

टायरचा प्रश्न आपल्याकडे काट्यांमुळे येतो. बाभळीचा आणि बोरीचा काटा ट्यूबला दयामाया दाखवत नाही, आणि शेतांची कुंपणे काटेरी फांद्यांची असल्याने पायवाटेवर ते विखुरलेले असतातच. ज्यांचे रिम ट्यूबलेससाठी योग्य आहेत त्यांनी सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरावे, पण आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून निघण्याआधी नव्याने भरणे आवश्यक आहे. ट्यूब वापरणाऱ्यांनी प्रत्येकी दोन जादा ट्यूब, ठिगळे, टायर लिव्हर आणि पंप घ्यावा. नव्या ट्यूबमध्ये हवा भरण्याआधी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधून काढायला विसरू नये. चेनची जोडकडी, चेन तोडायचे हत्यार, ॲलन चाव्यांचा संच आणि आपल्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) हे सामानात असायला हवे. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तो शहाद्यात मिळेल अशी आशा धरू नये.

गिअरबाबत थोडक्यात सांगायचे, तर पुढे ३२ दात्यांचा एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेले दातेरी चक्र) असेल तर मागे ५० किंवा ५१ दात्यांचे चाक असावे. जुन्या तीन चेनरिंगच्या सायकलींना २४ दात्यांचा लहान चेनरिंग आधीच असतो आणि घाटाला तो पुरतो.

खाण्यासाठी आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ द्यायचे कबूल केले आहे. केळी वाटेत मिळतातच. चढाच्या दिवशी दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि त्यातल्या एका बाटलीत ओआरएस असे गणित आम्ही धरले आहे. तिखट शेवभाजीचा बेत परतीच्या मुक्कामावर ढकलला आहे, आणि त्यावरून झालेली घरातली नाराजी मी पत्करली आहे.

वर पोहोचल्यावर दोन दिवस यशवंत तलावाच्या परिसरात आणि सीताखाईच्या बाजूला फिरायचे आहे. या वाटा पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. डोक्यावर पाण्याचा हंडा किंवा सरपणाचा भारा असलेली बाई समोरून आली, तर आपण सायकलवरून उतरून वाट मोकळी करायची, एवढे तरी शहरातून जाणाऱ्याने पाळलेच पाहिजे. कोणाच्या शेतातून न विचारता जायचे नाही आणि वन विभागाने मनाई केलेल्या भागात शिरायचे नाही. राहण्याच्या जागा मोजक्या असल्यामुळे खोल्या आधीच सांगून ठेवल्या आहेत. घाटात मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ रोज घरी कळवायची आणि उतरताना चौघांत इतके अंतर ठेवायचे की पुढचा पडला तर मागच्याला थांबता येईल.

शहाद्यापर्यंत सायकली पिकअपने न्यायच्या आहेत. पुढची चाके काढून, दोन सायकलींच्या मधे जुन्या गोधड्या घालून त्या दोरीने आवळायच्या आणि गिअरची बाजू वर ठेवायची. चाक काढले की ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा अडकवायचा, नाहीतर वाटेत कोणाचा हात लिव्हरवर पडला तर हायड्रॉलिक पिस्टन पुढे सरकून पॅडमधली फट मिटते आणि शहाद्याला चाक बसत नाही. पुठ्ठ्याचे आठ तुकडे कापून हत्यारांच्या पिशवीत ठेवले आहेत, चार जादा. पिकअपवाल्या काकांना पहाटे साडेतीनची वेळ दिली आहे, म्हणजे उजाडता उजाडता राणीपूरच्या दिशेने पेडल मारता येईल आणि ऊन चढायच्या आत घाट गाठता येईल.