पाणी तापलं, रॉड आवरला

आज दुपार व्हायच्या आतच मासेमारी थांबवली. समोरच्या डोहात मासे होते, फेसाच्या पट्ट्याखाली एक तर स्पष्ट दिसत होता. पण थर्मामीटर सावलीतल्या पाण्यात बुडवून धरला तर पारा १९ अंशांवर. उजाडताना त्याच जागी ११ होता. बरेच दिवस पाऊस नाही, ओढा अर्धा आटलाय. उघडे पडलेले गोटे उन्हात तापतात आणि त्यांच्यावरून वाहणारं उथळ पाणी तापवतात. २० व्हायची वाट बघायची नसते. दोरी रिळावर गुंडाळली.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. बारा ते सोळा अंशांत तो जोमात खातो. त्यापुढे त्याची दोन्हीकडून कोंडी होते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, समुद्रसपाटीला १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना ९, आणि उंचावर त्याहूनही कमी. नेमका त्याच वेळी माशाच्या शरीराला तो जास्त लागत असतो. अशा पाण्यात गळाला लागून दमलेला मासा हातातून सुटतो, शेपटी मारत दिसेनासा होतो, आपण समाधानाने पुढे जातो. आणि काही तासांनी तो कुठेतरी खाली मरून पडतो. ‘आम्ही सोडून देतो’ एवढ्यावर निर्धास्त राहणं मला कधीच पटलं नाही. सोडलेला मासा जगला पाहिजे.

सकाळ मात्र भरभरून गेली. रस्ता संपल्यावर एवढं चालत यायचं ते अशा सकाळीसाठीच. रॉड जोडण्याआधी काठावर बसून राहिले. पाण्यातला एक चपटा दगड उचलून उलटा केला तर खाली अख्खी वस्ती: वाळूचे कण चिकटवून घर बांधलेल्या कॅडिस या कीटकाच्या अळ्या, आणि मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाची तीन शेपट्यांची पिल्लं, दगडाला घट्ट बिलगलेली. हे पिल्लू साधारण वर्षभर पाण्याखाली काढतं. पंख फुटून बाहेर आलं की त्याला खाता येईल असं तोंडच उरत नाही. एखाद-दोन दिवसांत जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. दगड होता तसा परत ठेवला.

सुरुवात फेझंट टेल निम्फने केली. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली कीटक, आणि निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अशा पिल्लाची नक्कल. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची ही फ्लाय. फेझंट पक्ष्याच्या शेपटीतलं पीस आणि बांधायला दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार, बस्स. तारेच्या वजनाने ती बुडते आणि दगडावरून सुटलेल्या पिल्लासारखी तळाजवळून वाहते. मी बांधलेल्या सगळ्या फ्लायमध्ये माझा सर्वात जास्त विश्वास हिच्यावर.

थोड्या वेळाने पाण्यावर गोल वलयं उठू लागली. मेफ्लाय बाहेर पडत होत्या. निम्फ काढून ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, लावली आणि खालच्या अंगाने, गुडघ्यांवर सरकत पुढे गेले. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मागून जायचं. वरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, म्हणून जितकं खाली वाकता येईल तितकं वाकायचं. खरी परीक्षा पुढे असते. मधली धार वेगवान, माशाची जागा संथ. दोरी धारेत सापडली की फ्लाय ओढली जाते, तिच्यामागे पाण्यावर रेघ उमटते आणि मासा तोंड फिरवतो. दोरी पडल्या पडल्या तिचा मधला भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकला. फ्लाय एका पानाच्या शेजारून, पानाच्याच वेगाने वाहत आली. एक करडं नाक वर आलं. फ्लाय गडप.

ब्राउन ट्राउट, फूटभराचा. हात आधी ओले केले, कारण कोरडा हात त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढतो आणि मग तिथे बुरशी धरते. गळाच्या टोकाला उलटा काटा नव्हता, चिमटीने अलगद निघाला. मासा सगळा वेळ पाण्यातच होता. लोण्यासारखं पिवळं पोट, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. पर अखंड, टोकदार. सिमेंटच्या टाकीत वाढलेल्या माशाचे पर बहुतेक वेळा झिजलेले असतात. हा याच ओढ्याच्या खडीत, आईने शेपटीने उकरलेल्या खळग्यात जन्मलेला.

माणसाने या माशाला कुठून कुठे नेलंय! १८६४ मध्ये इंग्लंडहून त्याची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून जहाजाने टास्मानियाला पोहोचवली, आणि त्या वंशातून पुढे १८६७ मध्ये न्यूझीलंडला. इतकं करून नेलेला मासा आता कित्येक ठिकाणी मूळच्या माशांना हटवून बसलाय. त्याच्यावर जीव जडलेला असला तरी ही गोष्ट मला टोचते, आणि जिथे तो मूळचा नाही तिथे त्याला नव्या ओढ्यात सोडायला माझा ठाम विरोध आहे.

दुपारभर संगमापर्यंत चालत जाऊन पाणी मोजलं. घळीतून येणारा डावा फाटा दिवसभर सावलीत असतो. ऊन चढलेलं असतानाही तिथे १३ अंश. उद्या अंधारातच निघून त्या फाट्याने वर जायचं. निम्फ दोन आकारांत बांधून ठेवल्यात, एक जरा जड, कारण घळीतले डोह खोल दिसतात.