अँप्लिफायर माळ्यावर गेला

बावीस वर्षं दिवाणखान्यात बसलेला अँप्लिफायर परवा माळ्यावर चढवला. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत आता फक्त दोन अॅक्टिव्ह स्पीकर, म्हणजे अँप्लिफायर पोटातच असलेले. "अहो, म्हणजे डबे कमी झाले ना?" हिचा प्रश्न. झाले, वायरी मात्र वाढल्या. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र वीज लागते, हे दुकानात कुणी ठसवून सांगत नाही.

गंमत आत आहे. जुन्या स्पीकरमध्ये अँप्लिफायरची ताकद कॉइल-कपॅसिटरमधून गाळून वूफर (खालच्या सुरांचा) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) यांच्याकडे जायची. इथे आवाजाची वाटणी आधीच, क्षीण सिग्नलवर होते आणि मग दोघांना आपापला अँप्लिफायर.

पहिल्या रात्री तानपुरा लावला आणि मागून घूंऽऽ. अर्थिंगचा घोळ! एक स्पीकर टीव्हीच्या प्लगवर, दुसरा खिडकीजवळच्या. दोन्ही एकाच बोर्डावर आणले, घूं गेली. ट्वीटरला कान लावला तर बारीक सूंऽ अजून आहे, पण कान लावून गाणं कोण ऐकतं?

तानपुऱ्याची जोडाची तार (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) मात्र आता वेगळी ऐकू येते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर तर खर्जही मोकळा झाला. झाडू मारताना अडतं म्हणून रोज सकाळी ते परत भिंतीला टेकलेले असतात.